डीडवर नाव आहे तोवर एचओए तुमचीच

नोकरी गेली की अमेरिकेतल्या मराठी घरात पहिल्या आठवड्यातच हिशोबाची वही उघडते. एच-वन-बी असेल तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात मॉर्गेज, हेल्थ इन्शुरन्स, गाडीचा हप्ता, मुलांचे क्लास, क्रेडिट कार्ड. एचओएचे, म्हणजे होमओनर्स असोसिएशनचे, ड्यूज या यादीत सर्वांत खाली असतात आणि पैसे पुरेनासे झाले की पहिली काट त्यांच्यावरच बसते. तीन हजारांच्या मॉर्गेजपुढे साडेतीनशे डॉलर ते काय! आणि असोसिएशन म्हणजे शेवटी शेजारीपाजारीच. बोर्डाचा प्रेसिडेंट रोज संध्याकाळी कुत्रा फिरवताना भेटतो, हसून हात करतो. तो काय आपलं घर काढून घेणार?

बहुतेक राज्यांत त्याच्या असोसिएशनला ते करता येतं, आणि कधी कधी बँकेच्याही आधी.

ही गाफिली आपण भारतातून बरोबर आणलेली असते. पुण्या-मुंबईच्या हाउसिंग सोसायटीत मेंटेनन्स थकवणारा एखादा सभासद असतोच. नोटीस बोर्डावर त्याचं नाव लागतं, वार्षिक सभेत आवाज चढतात, सोसायटी निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं. मेंटेनन्सपायी फ्लॅट लिलावात गेल्याचं आपल्या कानावर क्वचितच येतं. अमेरिकेतली होमओनर्स असोसिएशन वेगळ्या पायावर उभी आहे. तिचे नियम, ज्यांना सगळे सीसी अँड आर म्हणतात, काउंटीच्या दप्तरात नोंदलेले असतात आणि ते त्या मालमत्तेलाच बांधलेले असतात. तुम्ही ते वाचले की नाही, तुम्हाला ते पटतात की नाही, याला काही महत्त्व नाही. डीड, म्हणजे घराच्या मालकीचा दस्त, तुमच्या नावावर झालं की ड्यूज तुमचे. ते थकले की असोसिएशन घरावर लीन म्हणजे बोजा चढवू शकते आणि त्या बोजाच्या जोरावर घर विकायला काढू शकते. स्विमिंग पूल सहा महिने बंद आहे म्हणून पैसे देणार नाही, हा बाणा इथे चालत नाही. आधी पैसे भरायचे, वाटल्यास ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असं लेखी कळवायचं आणि मग भांडायचं.

दोन फोरक्लोजर, दोन वेगवेगळे रस्ते

मॉर्गेजचे हप्ते थकले तर बँकेचे, म्हणजे कर्ज सांभाळणाऱ्या सर्व्हिसरचे, हात केंद्रीय नियमांनी बरेचसे बांधलेले आहेत. हप्ता १२० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय त्याला फोरक्लोजरची, म्हणजे थकबाकीपायी घर विकायला काढण्याची, पहिली कायदेशीर पायरी सहसा चढता येत नाही. लिलावाच्या ३७ दिवसांहून अधिक आधी तुम्ही मदतीचा पूर्ण भरलेला अर्ज दिलात, तर त्यावर निर्णय होईपर्यंत लिलाव पुढे रेटता येत नाही. हे संरक्षण मॉर्गेजपुरतंच आहे. एचओएला हा १२० दिवसांचा नियम लागू नाही. तिला आवर घालतो तो तुमच्या राज्याचा कायदा आणि तिचे स्वतःचे कागद. त्यामुळे दोन्ही देणी एकाच महिन्यात थांबवणाऱ्याच्या दारावर आधी एचओएच्या वकिलाचं पत्र येतं.

आता यातला खरा घोळ. बँकेनं घर विकलं तर एचओएचा बोजा सहसा त्या घरावरून उतरतो, पण तुमच्या डोक्यावरून उतरत नाही. थकलेले ड्यूज हे तुमचं वैयक्तिक देणं आहे. घर गेल्यावरही त्यासाठी असोसिएशन कोर्टात जाऊ शकते. कॅलिफोर्नियात बँकेनं कोर्टाबाहेर फोरक्लोजर केलं तर उरलेल्या कर्जासाठी ती मागे लागू शकत नाही, हे बे एरियातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ती सवलत बँकेच्या कर्जाला आहे, एचओएच्या ड्यूजना नाही.

उलट एचओएनंच घर विकायला काढलं, तर बहुतेक राज्यांत विकत घेणारा माणूस पहिल्या मॉर्गेजच्या बोजासकट ते घेतो. कर्जाच्या कागदावर मात्र सही तुमचीच राहते. म्हणजे काही हजारांच्या ड्यूजपायी घर जाईल आणि काही लाखांचं कर्ज नावावर राहील. याहून वाईट सौदा मला तरी माहीत नाही.

काही राज्यांनी एचओएला आणखी एक हत्यार दिलं आहे. ड्यूजचा ठरावीक भाग बँकेच्या बोजाच्याही वर चढतो, त्याला सुपर लीन म्हणतात. नेवाडात हा भाग ९ महिन्यांच्या ड्यूजचा. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एसएफआर इन्व्हेस्टमेंट्स खटल्यात सांगितलं, की या बोजावरून रीतसर लिलाव झाला तर बँकेचं पहिलं मॉर्गेजसुद्धा त्या घरावरून पुसलं जातं. देशभरच्या बँका त्यानंतर जाग्या झाल्या. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की थकलेले ड्यूज बँक स्वतःच भरून टाकू शकते आणि ती रक्कम तुमच्या कर्जात मिळवू शकते. एचओए असलेल्या घराच्या मॉर्गेजबरोबर जी रायडर नावाची पुरवणी जोडलेली असते, तिच्यात हे लिहिलेलं असतं. आणखीही एक गोष्ट तिच्यात असते. ड्यूज थकवणं हा मॉर्गेजच्या कराराचाही भंग धरला जातो. हप्ते वेळेवर चालू असले तरीही.

रक्कम कशी फुगते

समजा ड्यूज महिना ३५० डॉलर आहेत. चार महिने थकले, १४०० झाले. त्यावर लेट फी, व्याज, मॅनेजमेंट कंपनीचा स्मरणपत्राचा आकार. मग फाइल वकिलाकडे जाते. वकिलाच्या पत्राचे पैसे तुमच्या खात्यावर, लीन नोंदवण्याचे पैसे तुमच्या खात्यावर, तुम्ही फोन करून ‘एकूण किती झाले’ विचारलंत तर त्या चौकशीचेही कधी कधी तुमच्याच खात्यावर. सहा-आठ महिन्यांत वकिलाचा आकडा मूळ ड्यूजना मागे टाकतो. म्हणून एचओएच्या बाबतीत एकच मुक्काम महत्त्वाचा मानावा: फाइल वकिलाकडे जाण्याआधीचा. तोवर बोलणी शेजाऱ्यांशी असतात. त्यानंतर प्रत्येक बोलण्याचं बिल होतं.

थोडेथोडे पैसे पाठवत असाल तर ते कुठल्या खात्यात जमा होतात हे आधी विचारा. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये कायदाच सांगतो, की आलेला पैसा आधी ड्यूजना लावायचा, वकिलाची फी आणि बाकीचे आकार मागाहून. फ्लोरिडात क्रम उलटा आहे. तिथे आधी व्याज, मग लेट फी, मग वकिलाचा खर्च, आणि उरलंच तर ड्यूज. टॅम्पातल्या माणसानं दर महिन्याला इमानेइतबारे ३५० चा चेक पाठवला तरी तो वकिलाच्या फीमध्ये जिरतो आणि ड्यूज थकलेलेच दिसतात. माणूस म्हणतो, मी तर भरतोय!

राज्याराज्यांतले फरक इथे नुसत्या तपशिलाचे नाहीत. कॅलिफोर्नियात थकलेले ड्यूज १८०० डॉलरपर्यंत पोचल्याशिवाय किंवा थकून १२ महिने उलटल्याशिवाय एचओएला फोरक्लोजर करता येत नाही, आणि त्या १८०० मध्ये लेट फी किंवा वकिलाची फी धरायची नाही. बोजा चढवण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. त्या सूचनेवरच्या टपालाच्या तारखेपासून १५ दिवसांत तुम्ही हप्त्यांच्या बोलणीसाठी भेट मागितलीत, तर बोर्डाला तुम्हाला भेटावंच लागतं. कोर्टाबाहेर लिलाव झालाच, तरी ९० दिवसांत पैसे भरून घर सोडवता येतं.

टेक्ससमध्ये, जिथे फ्रिस्को आणि प्लेनोत गल्लोगल्ली एचओए आहे, मोठ्या असोसिएशनांना किमान तीन महिन्यांचे हप्ते बांधून देणं भाग आहे. घर विकायला त्यांना कोर्टाचा आदेश लागतो, आणि लिलाव झाल्याची सूचना टपालात पडल्यापासून १८० दिवस मूळ मालकाला घर सोडवून घेता येतं. नुसत्या दंडापायी, म्हणजे गवत वाढलं किंवा कचऱ्याचा डबा बाहेर राहिला म्हणून लावलेल्या दंडापायी, घर विकता येत नाही. पण हेच टेक्सस बँकेच्या बाबतीत भलतंच झपाट्याचं आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव होतो आणि बँकेनं विकलेलं घर परत सोडवायची सोय नाही. न्यू जर्सीत याच्या बरोबर उलट. तिथे फोरक्लोजर कोर्टातूनच होतं आणि लांबतं. एडिसनमधला माणूस लांबलं म्हणून खूश होतो, पण त्या लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे ड्यूज त्याच्याच नावावर चढत असतात. कोलोरॅडोनं २०२२ च्या कायद्यानं १८ महिन्यांचे हप्ते मागायचा हक्क दिला आहे. हप्त्याची रक्कम मालक ठरवतो, फक्त ती २५ डॉलरपेक्षा कमी नको. इतका उदार कायदा दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि तोही बहुतेकांना माहीत नसतो.

घर राखायचं असेल तर

सगळ्यात आधी घरात बसून ठरवा, घर राखायचं की सोडायचं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, आणि बरेच जण हा निर्णय टाळत दोन्हीकडे अर्धेअर्धे पैसे टाकत राहतात. त्यातून बचत संपते आणि घरही हातात राहत नाही.

राखायचं ठरलं तर ड्यूजचा पहिला मासिक हप्ता चुकण्याच्या आधी बोर्डाला पत्र लिहा. मॅनेजमेंट कंपनीच्या मुलीशी फोनवर बोलून काही निष्पन्न होत नाही, निर्णयाचा अधिकार तिच्याकडे नसतो. पत्र बोर्डाच्या नावानं, आणि ‘पुढच्या बैठकीत ठेवावं’ असं त्यात लिहिलेलं हवं. मी काही वर्षं अशा बोर्डावर बसलो आहे, म्हणून सांगतो: सहा पानांची करुण कहाणी कोणी वाचत नाही. नोकरी अमुक तारखेला गेली, आत्ता महिना २०० डॉलर भरू शकतो, अमुक महिन्यापासून पूर्ण ड्यूज आणि मागची बाकी इतक्या हप्त्यांत, तोवर लेट फी माफ करावी आणि फाइल वकिलाकडे पाठवू नये. एवढंच. सोबत पहिला चेक. बोर्ड मूळ ड्यूज सहसा माफ करत नाही, कारण तो पैसा बाकीच्या घरांनी भरायचा असतो. लेट फी आणि व्याजावर मात्र बोर्ड बऱ्यापैकी वाकतं. आपल्या माणसांना संकोच फार. बोर्डावर दुसरं एखादं भारतीय कुटुंब असलं तर आणखीच, कारण गणपतीच्या कार्यक्रमात चर्चा होईल ही धास्ती. पण हप्त्यांची बोलणी सहसा बंद बैठकीत होतात. उलट लीन एकदा काउंटीत नोंदला गेला की तो सार्वजनिक कागद होतो, मग कोणालाही बघता येतो.

ठरलेलं सगळं लेखी घ्या. पैसे पाठवताना कुठल्या महिन्याचे ड्यूज ते चेकवर लिहा. वकिलाचं किंवा वसुली कंपनीचं पहिलं पत्र आलं की ३० दिवसांच्या आत देण्याचा तपशील लेखी मागा. हा हक्क १९७७ च्या केंद्रीय कायद्यानं दिलेला आहे. त्या तपशिलात दुसऱ्याचा दंड, दोनदा लावलेली लेट फी असले प्रकार सापडतात.

त्याच वेळी सर्व्हिसरकडे मदतीचा अर्ज टाका. सरकारमान्य गृह सल्लागार तो भरायला मदत करतात. ८८८-९९५-४६७३ या क्रमांकावरून असा सल्लागार विनामूल्य गाठता येतो. बँकेशी हप्त्यांची नवी मांडणी करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. बहुतेकांचे ड्यूज बँकेच्या एस्क्रो खात्यातून जात नाहीत. टॅक्स आणि इन्शुरन्स जातात, म्हणून ड्यूजही जात असतील असं गृहीत धरलेलं असतं. बँकेनं कर्जाचा हप्ता कमी केला तरी एचओएचा चेक वेगळाच लिहायचा असतो.

आणि कोणी आपण होऊन फोन केला, ‘तुमचं फोरक्लोजर थांबवतो, आधी दोन हजार डॉलर भरा’ म्हणाला, तर फोन ठेवा. मॉर्गेजच्या बाबतीत अशी मदत करण्याआधी पैसे घेणं अशा कंपन्यांना केंद्रीय नियमानं मना आहे. डीड आमच्या नावावर करून द्या, आम्ही बँकेशी बघतो, असं म्हणणारा तर त्याहून मोठा चोर.

सोडायचं असेल तर

घराची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल तर लवकर विका. क्लोजिंगच्या वेळी एचओएची बाकी विक्रीच्या पैशातून चुकती होते आणि विषय मिटतो. किंमत कमी असेल तर शॉर्ट सेल, म्हणजे बँकेच्या संमतीनं कर्जापेक्षा कमी किमतीला विक्री. इथे बँक राजी होते आणि सौदा एचओएच्या बाकीवर अडतो, कारण तिचा बोजा उतरल्याशिवाय नव्या मालकाला स्वच्छ टायटल मिळत नाही. घर बँकेच्या स्वाधीन करायचं म्हटलं तरी हाच खोडा. म्हणून घर सोडायचं ठरलं तरी ड्यूज कमीत कमी थकलेले बरे.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती पुढच्या टप्प्यावर. बँकेची नोटीस आली, कुटुंबानं सामान हलवलं, अपार्टमेंट भाड्यानं घेतलं, घराच्या किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. त्यांच्या लेखी घर बँकेचं झालं. पण बँकेनं लिलाव पुढे ढकलला. मग पुन्हा ढकलला. घर नावावर घेतलं की त्या दिवसापासूनचे ड्यूज बँकेला भरावे लागतात, त्यामुळे पडक्या किमतीच्या घराची तिला घाई नसते. दीड-दोन वर्षांनी कुटुंबाला एचओएच्या वकिलाचं पत्र येतं: ज्या घरात तुम्ही राहत नाही त्याचे सगळ्या काळाचे ड्यूज, वाढलेल्या गवताचे दंड, व्याज, फी. आणि ते कायद्यानं बरोबर असतं. घरात कोण राहतं याच्याशी ड्यूजचा संबंध नाही, डीडवर कोणाचं नाव आहे याच्याशी आहे.

त्यामुळे फोरक्लोजर पूर्ण होईपर्यंत शक्य असेल तर घरातच राहा. ड्यूज भरायचेच आहेत तर छप्पर तरी वापरा. भाडेकरू ठेवणार असाल तर असोसिएशनची भाड्याची मर्यादा आधी बघा. फ्लोरिडात ड्यूज थकले असतील तर एचओए थेट तुमच्या भाडेकरूकडून भाडं मागू शकते.

दिवाळखोरीचा रस्ता वकिलाशिवाय धरू नका, पण एक अट आत्ताच माहीत असू द्या. चॅप्टर सेव्हनमध्ये अर्जाआधीचे ड्यूज वैयक्तिक देणं म्हणून पुसले जातात. अर्जाच्या तारखेनंतरचे ड्यूज मात्र, घर नावावर आहे तोवर, पुसले जात नाहीत. घर बँकेला सोडतो असं कोर्टात लिहून दिलं तरीही नाही. घर राखायचं असेल तर चॅप्टर थर्टीनमध्ये मागची बाकी तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांत फेडता येते.

भारतात परतताना

६० दिवस संपले, पुण्याचं तिकीट काढलं, घराचं बघू मग, असं म्हणून निघणाऱ्यांसाठी हे खास. घर विकायचं असेल तर शक्यतो इथे असतानाच विका. परत गेल्यावर अमेरिकी करकायद्याच्या लेखी तुम्ही अनिवासी परदेशी ठरलात, तर घर विकताना खरेदीदाराला विक्रीच्या रकमेतून साधारण १५ टक्के कापून सरकारजमा करावे लागतात. काही घरांना सवलत आहे, आणि जास्त कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळतात. पण क्लोजिंगच्या दिवशी ते हातात नसतात, आणि ज्याची एचओएची बाकी त्याच पैशातून चुकायची आहे त्याचा सौदा तिथेच अडखळतो.

विमानात बसण्याआधी विश्वासू माणसाच्या नावानं घर विकण्याचं मुखत्यारपत्र इथल्या नोटरीसमोर करून ठेवा. भारतातून ते अपोस्टीलचा शिक्का घेऊन करता येतं, पण वेळ जातो. असोसिएशनला पत्रव्यवहाराचा नवा पत्ता लेखी कळवा. नाहीतर सगळ्या नोटिसा रिकाम्या घराच्या मेलबॉक्समध्ये पडतात आणि कायद्याच्या दृष्टीनं तुम्हाला पोचल्या असं धरलं जाण्याची शक्यता असते.

‘आता अमेरिकेतलं कोर्ट इथे काय करणार’ हे वाक्य परतलेल्या मंडळींत फार ऐकू येतं. अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, त्यावर भारतात नवा दावा करावा लागतो, हे खरं आहे. पण अमेरिकेतल्या बँकेतले पैसे तिथल्या कोर्टाच्या आवाक्यात राहतात. कॅलिफोर्नियात असा हुकूम १० वर्षं चालतो आणि त्याची मुदत वाढवताही येते. पाच वर्षांनी कंपनीनं पुन्हा सॅन होजेला पाठवलं, तर जुना हुकूम तिथे तसाच असेल.

हा लेख वाचून झाल्यावर आपल्या काउंटीच्या रेकॉर्डरच्या साइटवर जा आणि स्वतःच्या नावावर काय नोंदलं आहे ते बघा. डीड अजून तुमच्या नावावर आहे का, लीन चढला आहे का, लिलावाची सूचना आहे का. बऱ्याच काउंटीत ही माहिती घरबसल्या दिसते. ती छापून घ्या आणि ती घेऊनच त्या राज्यात वकिली करणाऱ्या माणसाकडे जा. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.